पास होण्यापुरती बारावी

बारावीच्या भौतिकशास्त्रात मीटर ब्रिज नावाचं एक साधं उपकरण आहे. एक मीटर लांबीची तार, टोकांना तांब्याच्या जाड पट्ट्या, एका फटीत अज्ञात रोध, दुसरीत माहीत असलेला. तारेवर जॉकी, म्हणजे सरकता संपर्क, टेकवत जायचं आणि गॅल्व्हॅनोमीटरचा काटा शून्यावर आला की तिथली लांबी वाचायची. बोर्ड यावर काय विचारतं? आकृती काढा, सूत्र मिळवा, या पद्धतीत चुका कुठून शिरतात ते लिहा. म्हणजे तार सगळीकडे सारख्या जाडीची नसते, पट्टी आणि तार जिथे जोडलेली असतात तिथे थोडा रोध लपलेला असतो. म्हणून शून्यबिंदू तारेच्या मधल्या एक-तृतीयांश भागात आणायचा आणि दोन्ही रोधांची अदलाबदल करून पुन्हा वाचन घ्यायचं. आणि सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठीची राज्याची सामाईक परीक्षा, काय विचारते? उजव्या फटीत ३० ओहम, शून्यबिंदू डावीकडून ४० सेंटिमीटरवर, तर डावीकडचा रोध किती? चाळीस भागिले साठ, गुणिले तीस. वीस. पुढचा प्रश्न. वेळ चौपन्न सेकंद.

चौपन्न सेकंद हा आकडा हवेतला नाही. पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाच्या सीईटीत भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, प्रत्येकी एक गुण. गणिताचे ५० प्रश्न दुसऱ्या ९० मिनिटांत, प्रत्येकी दोन गुण. एकूण २००. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे प्रश्न कोरा सोडणं म्हणजे शुद्ध नुकसान. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडत गेलं तरी अख्ख्या परीक्षेत सरासरी ५० गुण पदरात पडतात. बोर्डाचा भौतिकशास्त्राचा पेपर मात्र तीन तासांचा आणि ७० गुणांचा. बहुपर्यायी प्रश्न फक्त १० गुणांचे, एका वाक्यातल्या उत्तरांचे ८, मग दोन गुणांचे बारापैकी आठ, तीन गुणांचे बारापैकी आठ, चार गुणांचे पाचपैकी तीन. इथे लिहावं लागतं, पायऱ्या दाखवाव्या लागतात.

दोन्ही प्रकारचे प्रश्न हवेत. भावी इंजिनिअरला वीस ओहम पटकन काढता आला पाहिजे, आणि तो वीस खरा का नसेल हेही सांगता आलं पाहिजे. पण महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशात मोजलं जातं ते फक्त पहिलं. सीईटीच्या गुणवत्तायादीसाठी बारावीच्या गुणांची एक अट आहे: खुल्या प्रवर्गाला पीसीएममध्ये ४५ टक्के, मागासवर्गीयांना ४०. तेवढी ओलांडली की बारावीचं काम संपलं. पंचेचाळीस मिळवणारा आणि पंचाण्णव मिळवणारा, दोघे तिथे सारखेच.

या अटीचा हिशेब करून पाहावा. तीन विषयांचे ३०० गुण, त्यांचे ४५ टक्के म्हणजे १३५. यातले ८० गुण प्रात्यक्षिक आणि अंतर्गत मूल्यमापनाचे: भौतिकशास्त्र ३०, रसायनशास्त्र ३०, गणित २०. ते कॉलेजातच मिळतात आणि ते कसे मिळतात हे राज्यातल्या कुठल्याही विद्यार्थ्याला विचारा. ८० पैकी ७५ पडले असं धरलं, तर लेखी परीक्षेच्या २२० गुणांतून फक्त ६० हवेत. सत्तावीस टक्के. एवढ्यासाठी कोण मीटर ब्रिजच्या चुका पाठ करत, समजून घेत बसेल?

माझं म्हणणं एवढंच आहे. शालान्त परीक्षेला प्रवेशात अट म्हणून ठेवणं आणि वजन म्हणून ठेवणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. अट असली की मुलं अटीपर्यंत अभ्यास करतात. वजन असलं की प्रत्येक गुणाला किंमत येते, आणि तो गुण मिळवून देणाऱ्या वर्गालाही. बारावीच्या लेखी परीक्षेला प्रवेशात निम्मं वजन परत द्यावं. परत म्हणायचं कारण, ते पूर्वी होतं.

मॅट्रिक हा शब्द मुळात विद्यापीठाच्या पटावर नाव चढवण्याचा. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झालं आणि १८५९ मध्ये त्याने पहिली मॅट्रिक घेतली. न्यायमूर्ती रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. परीक्षा विद्यापीठाची, प्रवेशही विद्यापीठातच. शाळा संपल्याची खूण हा तिचा जोडधंदा होता. पुढे बोर्ड आलं, अकरावीच्या मॅट्रिकनंतर इंटर सायन्सच्या गुणांवर इंजिनिअरिंग-मेडिकल ठरायला लागलं. मग दहा अधिक दोनचा आकृतिबंध आला, १९७५ साली दहावीची आणि १९७७ साली बारावीची पहिली परीक्षा झाली, आणि या शतकाच्या सुरुवातीपर्यंत बारावीच्या पीसीएमच्या बेरजेवर मुलं पुण्या-मुंबईच्या सरकारी कॉलेजांत जात होती. त्यानंतर सीईटी आली. मधे काही काळ राज्याने जेईई मेन ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा आणि बारावी यांना निम्मं-निम्मं वजन दिलं, तेही मागे पडलं.

वजन काढलं त्याचा परिणाम डोळ्यांसमोर आहे. ‘इंटिग्रेटेड’ नावाचा व्यवहार त्यातूनच उभा राहिला. नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, मूल दिवसभर क्लासमध्ये, आणि कॉलेजशी संबंध प्रात्यक्षिकांच्या चार दिवसांपुरता. २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली. रोगाच्या जागी ताप मोजण्यातला हा प्रकार. जिथे जे शिकवतात त्याला प्रवेशात शून्य किंमत आहे, तिथे मूल अंगठा लावून का बसेल? हजेरीचं यंत्र बसवून वर्ग भरत नसतात.

आता दुसरी बाजू. बारावीचे गुण बाजूला पडले ते उगाच नाही, आणि सीईटी आणणारे मूर्ख नव्हते. बोर्डाच्या गुणांवरचा विश्वास बोर्डांनीच घालवला. २०२५ चा बारावीचा निकाल ९१.८८ टक्के, २०२४ चा ९३.३७. कोविडच्या २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, दहावी, अकरावी आणि बारावीच्या अंतर्गत गुणांना ३०, ३०, ४० असं वजन दिलं आणि निकाल लागला ९९.६३ टक्के. सगळेच पास होतात तेव्हा पास या शब्दात काही उरत नाही. राष्ट्रीय पातळीवर तर गुणवाढीची चढाओढ लागली होती. कठीण पेपरची भरपाई म्हणून सुरू झालेलं ‘मॉडरेशन’ सरसकट गुण वाढवायच्या कामी येऊ लागलं, ते बंद करायचं २०१७ मध्ये सीबीएसई आणि इतर बोर्डांनी ठरवलं, आणि त्या वर्षापुरतं ते दिल्ली उच्च न्यायालयाने अडवलं. दिल्ली विद्यापीठात काही अभ्यासक्रमांची कट-ऑफ १०० टक्क्यांना टेकली. मग २०२२ मध्ये केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा आली. शंभर टक्क्यांच्या यादीत निवड करायची तरी कशाच्या आधारावर?

म्हणून प्रश्न सीईटी हवी की बारावी हवी असा नाही. बारावीचा गुण भरवशाचा कसा करायचा, असा आहे. इथे जगाकडे पाहण्याचा उपयोग होतो, कारण इतर ठिकाणी हाच खड्डा वेगवेगळ्या बाजूंनी लागलेला आहे.

आयर्लंडचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ. तिथे लीव्हिंग सर्टिफिकेट ही शाळा सोडतानाची परीक्षा आणि बहुतेक अभ्यासक्रमांच्या प्रवेशाला तीच पुरते. सर्वोत्तम सहा विषय धरतात. वरच्या पातळीच्या पेपरात ९० च्या वर गुण असले की एच-वन, त्याचे १०० पॉइंट. ८० ते ९० ला ८८, मग ७७, ६६, ५६ असे उतरत जातात. वरच्या पातळीचं गणित किमान एच-सिक्सने पार केलं तर २५ पॉइंट जादा. कमाल ६२५. हे आकडे असे वाकडेतिकडे का? दहा-दहाच्या सरळ पायऱ्या ठेवल्या की हजारो मुलांची बेरीज सारखी येते आणि शेवटच्या जागेसाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. २०१७ मध्ये ही श्रेणी बदलली तेव्हा सारख्या बेरजा कमी करणं हा एक हेतू होता. पण आपल्यासाठी महत्त्वाचं वेगळंच आहे. उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, क्रमांक असतो. गुण कशाला किती द्यायचे याची योजना परीक्षेनंतर सगळ्यांना वाचायला खुली असते. आणि निकालानंतर मुलाला आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघता येते. परीक्षा निर्दोष आहे असं कुणी म्हणत नाही, पण चूक कुठे झाली ते दाखवता येतं. कोविडमध्ये शाळांच्या अंदाजांवर निकाल लावले तेव्हा तिथेही गुण फुगले, आणि ते हळूहळू खाली आणायला सुरुवात व्हायलाच २०२५ उजाडलं. फुगा भरायला एक उन्हाळा पुरतो, हवा सोडायला पाच वर्षं.

जर्मनीत आबिटुअर या शालान्त परीक्षेत कमाल ९०० गुण असतात. त्यातले ६०० शेवटच्या दोन वर्षांच्या वर्गातल्या कामगिरीचे आणि फक्त ३०० अंतिम परीक्षेचे. ८२३ किंवा त्याहून जास्त मिळाले की १.० ही सर्वोच्च श्रेणी. हे आपल्या डोळ्यांना अशक्य वाटेल, कारण इथे शिक्षकाच्या हातात दोन तृतीयांश गुण दिले तर काय होईल ते प्रात्यक्षिकांनी दाखवून दिलंय. पण जर्मनीचीही अडचण आपल्यासारखीच आहे: सोळा राज्यं, सोळा मंडळं, आणि एका राज्याची श्रेणी दुसऱ्या राज्याच्या श्रेणीशी कशी तोलायची? डिसेंबर २०१७ मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने वैद्यकीय प्रवेशाची पद्धत काही अंशी घटनाबाह्य ठरवली, त्यात हे एक कारण होतं. आता आबिटुअरच्या गुणवत्तेवर ३० टक्के जागा भरतात आणि त्यासाठी प्रत्येक राज्यातली क्रमवारी वेगळी लावून मग ती एकमेकांशी जुळवतात. आपल्याकडे राज्य मंडळ, सीबीएसई आणि आयएससी यांची तुलनाच होऊ शकत नाही असं जे म्हणतात, त्यांनी हे बघावं. होते. कटकटीचं असतं, पण होते.

फ्रान्सचा धडा वेळापत्रकाचा आहे, आणि तो फार मजेशीर आहे. बाकालोरिआ ही नेपोलियनच्या काळापासूनची परीक्षा. २०१८ पासून तिथे पार्कुरस्युप नावाची ऑनलाइन प्रवेशप्रणाली आहे. अडचण अशी की कॉलेजांची उत्तरं यायला लागतात मेअखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला, तर परीक्षा त्यानंतर जूनमध्ये. म्हणजे प्रवेश वर्गातल्या गुणांवर ठरतो आणि परीक्षा नावापुरती उरते. यावर उपाय म्हणून २०२३ मध्ये मुख्य विषयांचे पेपर मार्चमध्ये आणले, म्हणजे ते गुण प्रवेशात धरता येतील. झालं काय? मार्चनंतर वर्ग ओस पडले. गुण मिळाले, आता शाळेत यायचं कशाला? पुढच्याच वर्षी पेपर पुन्हा जूनमध्ये नेले आणि ते गुण प्रवेशातून पुन्हा बाहेर गेले. परीक्षा ज्या दिवशी मोजली जाते त्या दिवसापर्यंतच शाळा भरते, हे एवढ्या उघडपणे दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

फिनलंडने आपल्या उलट दिशेने प्रवास केला. तिथली मॅट्रिक १८५२ पासूनची, आता पूर्णपणे संगणकावर. विद्यापीठांच्या स्वतंत्र प्रवेश परीक्षांसाठी मुलं वर्ष-वर्ष घरी बसून क्लास लावायची, ते थांबवायला २०२० पासून निम्म्याहून अधिक जागा मॅट्रिकच्या गुणांवर द्यायचं ठरलं. त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. विस्तारित गणिताला गुणदानात इतकं वजन दिलं गेलं की कायदा शिकायची इच्छा असलेली मुलंसुद्धा ते घ्यायला लागली, आणि २०२६ पासूनची गुणदानाची सूत्रं नव्याने बेतावी लागली. वजन द्या, पण कशाला किती हे शंभरदा तपासून. मुलं त्या आकड्यांमागे धावणार हे गृहीत धरूनच.

कोरियाबद्दल थोडक्यात, कारण कॉलेज-प्रवेशाच्या परीक्षेसाठी विमानं थांबवण्याची ती गोष्ट सगळ्यांनी ऐकलीय. तिथे २०२३ मध्ये सरकारने ‘किलर’ प्रश्नांवर बंदी आणायची घोषणा केली. किलर म्हणजे शाळेच्या अभ्यासक्रमात बसणार नाहीत असे, फक्त खासगी क्लासात सराव होतो असे प्रश्न. आपली सीईटी अधिकृतपणे राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, २० टक्के अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा. पण काठिण्यपातळी जेईई मेनची असते असंही तीच सांगते. पुस्तक बालभारतीचं आणि उंची जेईईची. या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत महाराष्ट्रातला अख्खा क्लासचा धंदा राहतो.

आणि लांब कशाला जायचं, तमिळनाडू आहे. तिथे २००७ पासून इंजिनिअरिंगला प्रवेश परीक्षाच नाही. बारावीचं गणित १०० पैकी, भौतिकशास्त्र ५० पैकी, रसायनशास्त्र ५० पैकी, अशी २०० ची बेरीज आणि त्यावर क्रमवारी. त्या राज्यातून इंजिनिअर निघायचे थांबलेले नाहीत. पण तिथेही काय बिघडलं ते सांगायला हवं. बारावीवर सगळं ठरतं म्हटल्यावर खासगी शाळांनी अकरावी गुंडाळून दोन वर्षं बारावीच शिकवायला घेतली. मग २०१८ मध्ये अकरावीचीही बोर्डाची परीक्षा आणावी लागली, आणि ती मुलांना जड जाते म्हणून अलीकडे परत काढली. वर, बारावीच्या प्रश्नांत पाठांतर चालून जातं ही तक्रार तर आहेच. म्हणून मी तमिळनाडूसारखी सीईटी पूर्ण काढून टाका असं म्हणत नाही. सीईटीचा एक मोठा उपयोग आहे, तो पुढे येतो.

तर महाराष्ट्रात करायचं कसं?

पहिली गोष्ट, प्रवेशासाठी धरायचे ते फक्त लेखी गुण. ७०, ७० आणि ८० मिळून २२०. प्रात्यक्षिकं राहू देत, ती उत्तीर्ण होणं सक्तीचं असू दे, पण त्यांचे गुण बेरजेत नकोत. प्रात्यक्षिकाचे फुकटचे गुण थांबले की प्रयोगशाळा उघडेल अशी भाबडी आशा मला नाही. पण निदान गैरसमज तरी होणार नाही. ‘परख’ या केंद्राच्या मूल्यमापन संस्थेने २०२४ मध्ये नववी ते बारावीच्या चारही वर्षांचे गुण १५, २०, २५ आणि ४० टक्के वजनाने एकत्र करायची शिफारस केली होती. कल्पना सुरेख, पण त्यात शाळेने दिलेल्या गुणांचा वाटा मोठा आहे. तीस गुणांची प्रात्यक्षिकं नीट घेता येत नाहीत तिथे चार वर्षांचं अंतर्गत मूल्यमापन म्हणजे निकालाचं कुलूप काढून ठेवणं.

दुसरं, गुण थेट नव्हे, पर्सेंटाइल. राज्य मंडळात पीसीएम घेतलेल्या मुलांमध्ये तुम्ही कितव्या स्थानी, सीबीएसईच्या मुलांमध्ये कितव्या. पण इथे एक पेच आहे. सगळ्या बोर्डांची मुलं सरासरीने सारखीच, असं धरलं तरच दोन बोर्डांचा नव्वदावा पर्सेंटाइल सारखा. तसं असेलच असं नाही. याचं उत्तर आपल्याच देशात वापरून झालेलं आहे. २०१३ ते २०१६ या काळात जेईई मेनच्या रँकमध्ये बारावीला ४० टक्के वजन होतं. त्यात बोर्डातला तुमचा पर्सेंटाइल घ्यायचे, त्याच पर्सेंटाइलला सगळ्या देशाच्या जेईईत किती गुण पडतात ते बघायचे, आणि त्याच पर्सेंटाइलला तुमच्या बोर्डाच्या मुलांमध्ये जेईईचे किती गुण पडतात तेही बघायचे. दोन्हींची सरासरी तुमच्या बारावीच्या गुणांच्या जागी. वाचायला किचकट, पण कल्पना सोपी आहे. एका बोर्डात कोण पुढे ते बोर्ड सांगतं. बोर्डा-बोर्डांत कोण पुढे ते सामाईक परीक्षा सांगते. सीईटी ठेवायची ती यासाठी: फूटपट्टी म्हणून.

जेईईची ती पद्धत २०१७ मध्ये बंद झाली. देशभरातल्या सगळ्या बोर्डांचे गुण गोळा होईपर्यंत रँक अडून राहायचे. राज्याला ती अडचण नाही. २०२५ चंच बघा: राज्य मंडळाचा बारावीचा निकाल ५ मे, सीबीएसईचा १३ मे, आणि पीसीएम सीईटीचा निकाल १६ जून. गुण महिनाभर आधीच हातात होते.

तिसरी गोष्ट कॉपीची. बोर्डाला वजन द्या म्हटलं की पहिला आक्षेप हाच येतो आणि तो खरा आहे. कॉपीमुक्तीची मोहीम दरवर्षी निघते, आणि दरवर्षी काढावी लागते यातच सगळं आलं. पण सीईटी हाताशी असली तर केंद्राचं पितळ उघडं पडतं. एखाद्या केंद्रावरची मुलं बोर्डात सरासरी नव्वदाव्या पर्सेंटाइलला आणि सीईटीत पस्तिसाव्याला असतील तर त्या केंद्राचे गठ्ठे बाहेर काढून पुन्हा तपासा, शेजारच्या बाकांवरची उत्तरं ताडून बघा. फक्त गठ्ठे बघा, यंत्राने परस्पर गुण कापू नका. इंग्लंडने २०२० मध्ये तेच केलं होतं. ए-लेव्हलची, म्हणजे तिथल्या बारावीची, परीक्षा झाली नाही, म्हणून शिक्षकांनी अंदाजे श्रेणी दिल्या आणि नियामकाच्या सूत्राने शाळेच्या मागच्या वर्षांच्या निकालांकडे बघून त्यातल्या सुमारे ३९ टक्के खाली ओढल्या. साध्या शाळेत असाधारण मूल निघू शकतं, हे सूत्राला मान्यच नव्हतं. १३ ऑगस्टला निकाल लागला, मुलं रस्त्यावर आली, १७ ऑगस्टला सरकारने माघार घेतली. तालुक्याच्या गावातल्या हुशार मुलीला तिच्या केंद्राच्या बदनामीची शिक्षा देता येणार नाही.

आणि सीईटी स्वतः धुतल्या तांदळासारखी आहे का? २७ एप्रिल २०२५ च्या एका सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले होते आणि हजारो मुलांना ५ मे रोजी पुन्हा बसावं लागलं. अनेक दिवस, अनेक सत्रं, प्रत्येकाचा वेगळा पेपर, आणि त्यावर सात दशांश स्थळांचा पर्सेंटाइल. समजा चार लाख मुलं बसली, तर ९८ आणि ९९ पर्सेंटाइलमध्ये चार हजार मुलं उभी असतात. सातवा दशांश अचूकतेचा भास निर्माण करतो. खाली मोजलेली गोष्ट एका सकाळची असते. दोन वेगळ्या प्रकारच्या परीक्षांवर निवड केली की एकीतली चूक दुसरीत बरीचशी भरून निघते. संख्याशास्त्राचा हा पहिल्या वर्षाचा धडा आहे.

उरलं तपासणीचं. परीक्षकांची तपासणी पडताळणाऱ्या नियामकांना दिलेली गुणयोजना निकालाच्या दिवशी संकेतस्थळावर टाकावी. तपासलेल्या उत्तरपत्रिकेची स्कॅन प्रत पीसीएमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मागायच्या आत, फुकट मिळावी. आज ती पैसे भरून, अर्ज करून, मुदतीत मिळवावी लागते, आणि ती घेतल्याशिवाय पुनर्मूल्यांकनही नाही. दर शंभर उत्तरपत्रिकांतल्या काही, दुसऱ्या विभागातल्या परीक्षकाकडे आंधळेपणाने पुन्हा तपासायला जाव्यात, आणि दोघांच्या गुणांतला फरक मंडळाने दरवर्षी जाहीर करावा. विज्ञान शाखेचीच सात लाखांहून जास्त मुलं बसतात, त्यामुळे हे काम जड आहे हे कबूल. परीक्षकाला मिळणारा मोबदला बघता, त्याने चिडून बहिष्काराचं हत्यार उपसलं तर नवल नाही. वजन वाढवायचं तर तो मोबदलाही वाढवावा लागेल.

बदल लागू करायचा तो अकरावीला प्रवेश घेणाऱ्या तुकडीपासून, म्हणजे दोन वर्षं आधी शासन निर्णय काढून. दहावीच्या परीक्षा रद्द झाल्या त्या २०२१ मध्ये अकरावीसाठी ऐनवेळी सीईटी काढली होती, ती उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये रद्द केली. श्रेणीसुधारसाठी पुन्हा बसणाऱ्यांना ज्या वर्षीची परीक्षा त्या वर्षीच्या तुकडीचाच पर्सेंटाइल लावावा. आणि अकरावीचं काय, हा प्रश्न तमिळनाडूने आधीच विचारून ठेवलाय. बोर्डाच्या पेपरात अकरावी नाही. बारावीला वजन आलं की वर्ग बारावीत परत येतील आणि अकरावी आणखीच ओसाड पडेल. त्यावर बोर्डाची आणखी एक परीक्षा लादण्यापेक्षा सीईटीतला अकरावीचा २० टक्क्यांचा वाटा ४० करणं स्वस्त पडेल. सदिश, गतीचे नियम, मोल संकल्पना, त्रिकोणमिती हे सगळं अकरावीत आहे, आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला मुलं अडखळतात ती इथेच.